‘हाव’ नाही, ‘येस’ म्हणा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी क्लासमधली जुनी वर्कबुकं रद्दीसाठी सुतळीनं बांधत होते. "मॅडम, तुमच्या इंग्रजीच्या क्लासमधल्या गमती लिहा. लोकांना हसायला आवडतं," ते म्हणाले. जळगावात पंचवीसेक वर्षं इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या बाईकडे गमती असणारच, हा त्यांचा अंदाज काही चुकीचा नाही. मी लिहिते म्हणाले. लिहायला बसले तेव्हा ध्यानात आलं, की प्रत्येक गंमत फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबते आणि तिथं हसण्यासारखं काही नाही. तरी संपादकांचा मान राखते. आधी हसून घ्या.

माझा क्लास एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होता. सराफी दुकानांतले सेल्समन, डाळ मिलमधले कारकून, पाइपाच्या कारखान्यात सुपरवायझर व्हायला निघालेले मेकॅनिक, पुण्याचं स्थळ ठरलेल्या मुली, असे सगळे यायचे. प्रत्येकाला ‘फाडफाड’ इंग्रजी हवं असायचं आणि मुलाखत पुढच्या मंगळवारी असायची. मी म्हणायचे, "पुढच्या मंगळवारपर्यंत तुम्हाला फक्त नीट गप्प बसायला शिकवता येईल." ते हसायचे आणि नाव नोंदवायचे.

या धंद्यात शिकवायचं असतं तरी किती? रोजच्या वापरातले हजारभर शब्द, ते कुठल्या क्रमानं मांडायचे त्याचे थोडे नियम, आणि चुकायची लाज सोडणं. पहिल्या दोन गोष्टी मी झकास शिकवायचे. तिसरीच्या बाबतीत मी उलटं काम केलं. आधी लाज वाटायला लावायची आणि मग ती घालवायचा उपाय द्यायचा, असा माझा क्लास चालला. हे मला आता कळतं. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत होते.

खानदेशी माणसाच्या इंग्रजीत काही खास आपल्याच चुका असतात. आपण ‘मी काम करी ऱ्हायनू’, म्हणजे ‘करत राहिलोय’, असं म्हणतो आणि आपली निम्मी क्रियापदं अशी ‘ऱ्हायनू’ला बांधलेली असतात. मग इंग्रजीतही सगळंच चालू राहतं. ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. शिवाय अहिराणीत ‘हाऊ’ म्हणजे ‘हा’ आणि ‘हाई’ म्हणजे ‘ही’ किंवा ‘हे’. अमळनेरकडचा एक गृहस्थ पहिल्याच दिवशी सोबतच्या माणसाकडे बोट करून म्हणाला, "हाऊ मन्हा भाऊ." शेजारी बसलेल्या बँकेतल्या मुलीला वाटलं, तो भाऊ कसा आहे म्हणून विचारतोय. तिनं "ही इज फाइन" असं सांगूनही टाकलं.

पण सगळ्यांत वरचढ ‘हाव’. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे होकार देताना ‘हाव’ म्हणतात. इंग्रजी कानाला तो ‘हाऊ’ ऐकू येतो, म्हणजे ‘कसं?’

रावेरकडचे तुळशीरामनाना केळीचे मोठे बागायतदार. त्यांची केळी कंटेनरमधून आखातात जायची आणि तिकडचा खरेदीदार इंग्रजीतून फोन करायचा. नाना एकदा जीप घेऊन थेट क्लासवर आले. म्हणाले, "मॅडम, मी हाव म्हटलं का हा मानूस माह्यावर चिडते." मी त्यांना माझ्यासमोर फोन लावायला सांगितला. पलीकडून प्रश्न आला, शुक्रवारपर्यंत दोन कंटेनर पाठवाल का? नाना म्हणाले, "हाव." पलीकडचा म्हणाला, कसं ते मी काय सांगू, ते तुमचं काम आहे. नाना जास्तच जोर देऊन म्हणाले, "हाव, हाव." पलीकडच्यानं फोन ठेवला. मी पोट धरून हसले आणि नानाही बिचारे हसले.

त्या दिवसापासून क्लासमध्ये ‘हाव’ बंद झाला. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘हाव’ नाही, ‘येस’ म्हणा. ज्याच्या तोंडून ‘हाव’ निघेल त्यानं उभं राहून दहा वेळा ‘येस’ म्हणायचं. पन्नाशीचे कारकूनही उभे राहायचे. पंधरा दिवसांत माणूस झोपेतून उठवला तरी ‘येस’ म्हणायला लागायचा, आणि मला त्याचा फार अभिमान होता. नानांचा खरेदीदारही पुढं कधी चिडला नाही.

माझ्या या कडकपणाला कारण होतं. मी पारोळा तालुक्यातल्या खेड्यातली. धुळ्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हजेरीला माझ्या तोंडून ‘प्रेझेंट’ऐवजी ‘हाव’ निघून गेला. वर्ग हसला. सरही हसले. पुढची तीन वर्षं मला मागून ‘हावबाई’ म्हणत. मी अहिराणी बोलायची सोडली ती सोडलीच. सुट्टीत घरी गेले तरी आईशी पुस्तकी मराठीत बोलायची. आई आधी थट्टा करायची, मग हळूहळू तिनं माझ्याशी बोलणंच कमी केलं. मी मात्र सुधारले होते, आणि दुसऱ्यांनाही सुधारायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

कैलास माझ्याकडे आला तो आयटीआय करताना. गाव नरडाण्याजवळचं, घरी कोरडवाहू शेती, जळगावात फुईकडे म्हणजे आत्याकडे राहायचा. बोलायला सावकाश. प्रश्न विचारला की आधी जमिनीकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. मला वाटायचं त्याला येत नाही. पुढं कळलं, खोटं काही तोंडून जाऊ नये म्हणून तो थांबायचा. एकदा गृहपाठ का केला नाही म्हणून विचारलं, तर बाकीचे ताप आणि पाहुणे सांगत होते आणि हा म्हणाला, "कंटाळा उना, मॅडम." कंटाळा आला, एवढंच. त्यालाही मी पन्नासदा उभं करून ‘येस’ म्हणायला लावलं होतं. शेवटच्या परीक्षेत तो पहिला आला. मी त्याच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत लिहिलं, की हा विद्यार्थी बोललेल्या इंग्रजी सूचना अचूक समजतो आणि त्यांना अचूक उत्तर देतो. खाली माझी सही, निळ्या शाईत.

त्या प्रमाणपत्राच्या जोरावर त्याला नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ऑपरेटरची नोकरी लागली. घरापासून सायकलच्या अंतरावर. पेढे घेऊन आला होता. म्हणाला, "मॅडम, मुलाखतमा एकदा बी हाव नही म्हनं." मी त्याची पाठ थोपटली.

तीनेक वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हा हातात पेढे नव्हते, लिफाफा होता. काय झालं होतं ते आधी सांगते.

कारखान्यात नवी यंत्रं बसत होती आणि ती सुरू करून द्यायला परदेशातला एक इंजिनिअर आला होता. एका पाइपाचा जोड उघडायचा होता. त्याआधी त्या पाइपात येणारी वाफ बंद करायची, हे काम कैलासचं. जोड उघडायचं काम सुकलाल फिटरचं. सुकलाल कैलासच्याच गावचा, चार घरं सोडून राहणारा. व्हॉल्व्ह बंद केला की त्याला कुलूप घालून चावी फिटरच्या हातात द्यायची, अशी पद्धत होती. पण त्या दिवशी घाई होती आणि कुलपं सापडत नव्हती. कैलास व्हॉल्व्हकडे चालला होता. मधेच त्याच्या वॉकी-टॉकीवर इंजिनिअरचा आवाज आला, "यू हॅवन्ट क्लोज्ड द स्टीम, हॅव यू?" म्हणजे, तू अजून वाफ बंद केली नाहीस ना?

कैलास म्हणाला, "येस, सर."

त्याला म्हणायचं होतं, बरोबर आहे साहेब, नाही केली अजून. इंजिनिअरला ऐकू आलं, हो, केली. त्यानं वरून सुकलालला हात केला. सुकलालनं जोड उघडला. व्हॉल्व्ह कैलासपासून अजून दहा-बारा पावलांवर होता. सुकलालचा अर्धा चेहरा भाजला आणि उजवा डोळा गेला.

लिफाफ्यात कारखान्याची नोटीस होती. चौकशीत इंजिनिअरनं जबाब दिला होता, की मी विचारलं आणि ऑपरेटर येस म्हणाला. कैलासनंही तेच सांगितलं, की साहेबांनी विचारलं आणि मी येस म्हणालो. दोघं खरं बोलत होते आणि दोघांचं बोलणं शब्दाला शब्द जुळत होतं. त्यामुळं चौकशी करणाऱ्यांना काही शंकाच उरली नव्हती. वाफ बंद न करता बंद केली असं खोटं सांगून सहकाऱ्याला जन्माचं अपंग केलं, असा आरोप ठेवला होता. इंग्रजी कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती, कारण नोटिशीला एक झेरॉक्स जोडली होती. माझ्या प्रमाणपत्राची.

मी ते सगळं दोनदा वाचलं आणि खुर्चीत मागं टेकले. जे व्याकरण मी इतकी वर्षं शिकवत आले त्यातलं अगदी साधं कलम होतं ते. आपल्याकडे कुणी विचारलं, "आज नळाला पाणी आलं नाही ना?" आणि आलेलं नसेल, तर आपण ‘हाव’ म्हणतो. तुझं म्हणणं बरोबर, असा त्याचा अर्थ. आपला ‘हाव’ विचारणाऱ्या माणसाला दिलेला असतो. इंग्रजी ‘येस’ला त्या माणसाचं काही देणंघेणं नसतं. गोष्ट घडली असेल तर येस, नसेल तर नो, मग प्रश्न सरळ विचारा की उलटा. वाक्याच्या शेवटी ‘हॅव यू’, ‘इजन्ट इट’ अशी शेपटी जोडायला आपल्या शाळेत सगळे शिकतात, तिला परीक्षेत गुण असतात. तसल्या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं ते कुणी शिकवत नाही, कारण त्याला गुण नसतात. मीही शिकवलं नव्हतं. मी फक्त ‘हाव’ पुसून त्या जागी ‘येस’ लिहिलं होतं.

आणि मग जे सुचलं ते अजूनही मला सोडत नाही. कैलास त्या वेळी आपल्या सवयीनं ‘हाव’ म्हणाला असता, तर त्या परदेशी माणसाला ‘हाऊ’ ऐकू आलं असतं. तो वैतागला असता. काय कसं, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं असतं. तेवढ्यात कैलास व्हॉल्व्हपाशी पोचला असता. ज्या चुकीला मी पोट धरून हसले होते, ती चूक त्याच्या तोंडात शाबूत राहिली असती तर सुकलालचा डोळा राहिला असता.

हे मी कैलासला तिथंच समजावून सांगितलं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे मी खरं बोलनू, मॅडम."

"खरंच बोललास."

"गावमा बठ्ठा म्हनतस, मी खोटं बोलनू. सुकलालनी माय माले देखीसन दार लाई लेस." सगळं गाव त्याला खोटारडा म्हणत होतं आणि सुकलालची आई त्याला पाहून दार लावून घेत होती. "नोकरी जाई ते जाऊ द्या. तुम्ही फक्त लिही द्या का माले येस असंच शिकाडेल व्हतं. मी खोटं नही बोलनू, येवढं."

एवढंच मागत होता तो. मला येस असंच शिकवलं होतं, हे एक वाक्य, माझ्या सहीनं.

मी दोन दिवस मागून घेतले. कशासाठी मागितले ते आज लपवण्यात अर्थ नाही. जूनची नवी बॅच भरत होती. जळगाव काही एवढं मोठं शहर नाही. ज्या बाईच्या प्रमाणपत्रामुळं माणसाचा डोळा गेला तिच्याकडे कोण येईल, असं माझ्या मनात आलं. भिंतीवरच्या पाटीकडेही त्या दोन दिवसांत मला बघवत नव्हतं, पण ती मी काढलीही नाही.

तिसऱ्या दिवशी कैलास आला. मी पत्र टाइप करून ठेवलं होतं. देखणं पत्र होतं, एकही चूक नव्हती. खानदेशातल्या बोलीची वैशिष्ट्यं, होकारार्थी शब्दाच्या वापरातला प्रादेशिक फरक, सगळं व्यवस्थित मांडलेलं. शेवटचं वाक्य असं होतं, की ‘द रिप्लाय मे हॅव बीन मिसअंडरस्टुड’. उत्तराचा अर्थ चुकीचा घेतला गेला असावा.

कैलासनं उभ्या उभ्या ते वाचलं. माझा पहिला आलेला विद्यार्थी होता तो, त्याला सगळं समजलं. मग त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हाई पॅसिव्ह शे ना?"

मी म्हणाले, "पॅसिव्हच आहे. कचेरीच्या पत्रात तसंच लिहितात."

"पॅसिव्ह कवय वापरानं, ते तुम्ही सांगेल शे." तो आठवत आठवत, वर्गात म्हणायचा तसं म्हणू लागला. "करनारा माहीत नही ऱ्हास तवय. नही ते त्यानं नाव सांगनं नही ऱ्हास तवय." करणारा माहीत नसतो तेव्हा, नाहीतर त्याचं नाव सांगायचं नसतं तेव्हा.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रागावले तरी असते. गृहपाठ तपासून घ्यावा तसं त्यानं मला विचारलं होतं. मी पेन उचललं. ते वाक्य खोडून ‘मी त्याला चुकीचं शिकवलं’ असं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. कर्ता, क्रियापद, कर्म. पहिल्या आठवड्याचा धडा. मी पेन उचललं आणि खाली सही केली.

त्यानं पत्राची नीट घडी घातली, "थँक्यू, मॅडम" म्हणाला आणि जिना उतरला.

त्या पत्रानं व्हायचं तेच झालं. बोलींतला फरक चौकशी करणाऱ्यांना मनोरंजक वाटला असेल, पण ज्या माणसाच्या प्रमाणपत्रावर ‘अचूक’ लिहिलंय त्याला तो कसा लागू होणार? कैलासला कामावरून काढलं. पाठोपाठ गावानंही निकाल दिला, की साहेब लोकांनी कागदावर लिहिलंय म्हणजे तो खोटंच बोलला असणार.

माझी बॅच भरली. मी आणखी काही वर्षं शिकवलं. उलट्या प्रश्नांना उत्तर कसं द्यायचं यावर मी वेगळा धडा घ्यायला लागले. हळूहळू मोबाइलवर शिकणारे वाढले, येणारे कमी झाले. मग मी क्लास बंद केला. मोबाइलनं क्लास बंद पाडला असं मी सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे.

यंदा उन्हाळ्यात मी नरडाण्याला गेले. कुणी बोलावलं नव्हतं, मीच कैलासला येते म्हणून कळवलं होतं. कैलास स्टेशनवर मोटारसायकल घेऊन आला. तो आता ठिबकच्या नळ्या जोडायची कामं करतो. केस बरेच पांढरे झालेत. मी म्हणाले, "मला सुकलालच्या घरी ने." त्यानं जमिनीकडे बघितलं आणि गाडीला किक मारली.

सुकलाल ओट्यावर बसला होता. कैलास अंगणाबाहेरच थांबला, त्या घराची पायरी त्यानं इतक्या वर्षांत चढलेली नव्हती. सुकलालची आई दारात आली. मी चाळीस वर्षांत अहिराणी बोलले नव्हते. तोंड उघडलं आणि ती आली, अडखळत, लहान मुलीसारखी. म्हणाले, "सुकलालभाऊ, हाऊ पोऱ्या खोटं नही बोलना. त्यानी खरंच सांगं व्हतं, वाफ बंद नही शे म्हनीसन. मीच त्याले चुकीचं शिकाडं. चूक मन्ही शे."

‘हाव’ आणि ‘येस’चं सगळं त्यांना समजावून सांगितलं. नळाच्या पाण्याचं उदाहरण दिलं. सुकलालला ते लगेच कळलं. माझ्या विद्यार्थ्यांना लागायचा त्याहून कमी वेळ लागला. राहिलेल्या डोळ्यानं तो अंगणाबाहेर उभ्या असलेल्या कैलासकडे बघत राहिला. म्हातारी दाराची चौकट धरून उभी होती.

मग सुकलालनं मला विचारलं, "हाई तुम्हले तवयच माहीत व्हतं?" हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?

"व्हतं."

"मंग तवय काबरं नही सांगं?"

त्यानं आवाज चढवला नव्हता. मी उत्तर जुळवत राहिले. जूनची बॅच, कचेरीच्या पत्राची पद्धत, दोन दिवस. यातलं काहीही त्या ओट्यावर ठेवण्यासारखं नव्हतं. म्हातारीनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला आणि ती आत निघून गेली. मी पाणी प्यायले आणि उठले.

कैलासनं मला स्टेशनवर सोडलं. गाडीला अजून तासभर होता. तो थांबतो म्हणाला नाही, आणि मीही त्याला थांब म्हणाले नाही.